चोर कंडेन्सर

हिराअक्का कुणालाही माफ करायची नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तिच्या दहाव्याला जो तो म्हणत होता, "लई मायाळू बाई." माया होती, नाही असं नाही. पण कोण काय बोललं, कुठं उभा राहून बोललं आणि तेव्हा चुलीवर काय शिजत होतं, इथपर्यंत सगळं तिच्या लक्षात असायचं. वेळ आली की ती परतफेड करायची. भांडायची नाही, शिव्या द्यायची नाही. तिचा बदला बहुतेक वेळा स्पीकरमधून यायचा.

ती आमची माले गावातली शेजारीण. तिच्या नवऱ्याचा, दत्तूअण्णांचा, लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्नं, यात्रा, भजनं. रस्त्याकडेच्या खोलीवर पाटी होती, 'दत्तात्रय साउंड सर्व्हिस'. अण्णा तारा ओढायचे, झाडावर चढून भोंगे बांधायचे आणि गिऱ्हाइकाशी बोलायचे. अँप्लिफायर उघडून दुरुस्त करणारी अक्का. लग्नाआधी ती पुण्यात एका लहान कारखान्यात ट्रान्सफॉर्मर गुंडाळायच्या कामाला होती. चौथी शिकलेली, पण हात तिथं शिकला. पाटीवर तिचं नाव नव्हतं. अण्णा लोकांना सांगायचे, "आमची ही जरा हातभार लावती."

मी पिरंगुटच्या बाजूला इंजिनीअरिंगला आहे, इलेक्ट्रॉनिक्सला. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. बाबांच्या शेळ्या आहेत, शेतीच्या दिवसांत ते मजुरीला जातात. वर्गात मला प्रश्न विचारायची भीती वाटायची, म्हणून संध्याकाळी मी अक्काच्या ओसरीवर जाऊन बसायचे आणि तिला विचारायचे. कॉलेजात ज्याला कपॅसिटर म्हणतात त्याला ती कंडेन्सर म्हणायची. जुन्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या, अँप्लिफायरमध्ये दोन व्हॉल्व्हच्या मध्ये तो कशाला लागतो, हे मी पुस्तकात चार वेळा वाचलं होतं. अक्कानं एका वाक्यात सांगितलं.

"कंडेन्सर म्हंजी उंबरा. पावणा आत येतो, पायाचा चिखल भाईर ऱ्हातो. गाणं फुडं जाऊ द्यायचं, मागल्या व्हॉल्व्हची वीज तितंच अडवायची."

"आणि अडवली नाही तर?"

"मग फुडला व्हॉल्व्ह लाल हुतो. त्यो लाल झाला की ट्रान्सफॉर्मर जळतो."

कंडेन्सरच्या जातींबद्दल तर ती माणसांबद्दल बोलावं तसं बोलायची. कागदाचा, मेणात नाहीतर तेलात बुडवलेला, हा गोड बोलतो. गळा जरा भरून आल्यासारखा वाटतो. प्लॅस्टिकच्या पापुद्र्याचा खरं बोलतो, मग ते ऐकवो न ऐकवो. पिवळ्या ताटलीसारखा चिनी मातीचा असतो तो खेकसतो, त्याला गाण्याच्या वाटेवर उभा करायचा नाही. आकारानं लहान घातला तर पखवाजाचा घुमारा खातो. मला सुरुवातीला यातलं काहीच ऐकू यायचं नाही. ती तोच अभंग दोनदा लावायची, मध्ये एक कंडेन्सर बदलून, आणि माझ्या तोंडाकडं बघायची. चौथ्या-पाचव्या वेळेला मला खरंच फरक कळला. मला रडूच आलं. ती म्हणाली, "रडतीस काय? कान उघडला तुझा. आता झोप लागायची न्हाई, कुनाचा बी स्पीकर खटकंल."

पण गोड बोलणाऱ्यावर तिचा विश्वास नव्हता. आमच्या मुळशीच्या पावसाळ्यात कागदाचा कंडेन्सर ओल धरतो आणि त्यातून वीज झिरपायला लागते. म्हणून तिचे सगळे कंडेन्सर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असायचे, खाली भाजलेले तांदूळ पसरून. कुठलाही कंडेन्सर बसवण्याआधी ती तो तपासायची. टेस्टरमधला छोटा निऑनचा दिवा, त्याच्या एका टोकाला कंडेन्सर, आणि जुन्या रेडिओतून घेतलेली मोठी वीज. चांगला असला तर दिवा एकदा लुकलुकतो आणि विझतो. झिरपता असला तर थांबून थांबून लुकलुकतच राहतो.

"डोळा मिटला तर घरचा," ती म्हणायची, "मिचकावत ऱ्हायला तर चोर."

चोर कंडेन्सर तिनं कधी उंबऱ्याबाहेर जाऊ दिला नाही. पक्कड घेऊन त्याचे दोन्ही पाय तोडायची, पुन्हा कुणी चुकून वापरू नये म्हणून.

तिच्या बदल्यांच्या दोन गोष्टी गावात बऱ्याच जणांना माहीत नाहीत. मला तिनंच सांगितल्या, शेंगा फोडता फोडता.

पहिली अण्णांची. एकदा घोटावड्याच्या पाहुण्यांसमोर ते म्हणाले की या मशिनी मीच उभ्या केल्यात, बायकांना काय कळतंय त्यातलं. अक्का आत चहा गाळत होती. आठवडाभरानं अण्णांच्या घरच्या रेडिओला घरघर सुरू झाली. बातम्यांच्या मागं, क्रिकेटच्या मागं, सारखं घूंऽऽ. विजेतली घरघर गिळणारा मोठा कंडेन्सर असतो, तो काढून तिनं एक सुकलेला बसवला होता. अण्णा कुरकुरायला लागले.

"अगं, रेडिओ घुमतोय."

"तुमी कारागीर. काढा की घूं."

तो रेडिओ शेवटपर्यंत घुमत राहिला. अण्णा गेले त्या सकाळीही बातम्या घुमतच लागल्या होत्या. मी विचारलं, "अक्का, वाईट नाही वाटलं?" ती म्हणाली, "वाटलं. पर एकदा म्हनले असते, हिरा, तू बघ, तर दोन मिन्टाचं काम हुतं."

दुसरी एका पुढाऱ्याची. यात्रेच्या स्टेजमागं अक्का मशिनीपाशी बसली होती. हा मोठ्या आवाजाचा माणूस, माइकमध्ये खाकरून म्हणाला, "बाईमाणसाला हितं कुणी बसवलंय? उठवा तिला." ती उठली. लोक हसले. पुढच्या वर्षी त्याच स्टेजवर त्याच माणसाचं भाषण होतं, उभ्या गावाच्या भोंग्यांतून. अक्कानं त्या दिवशी मधल्या वाटेवर तिच्याकडचा सगळ्यात लहान कंडेन्सर घातला होता. त्याच्या आवाजातला सगळा जाड भाग गळून पडला आणि आईविना ओरडणाऱ्या करडासारखा आवाज वाड्यावस्त्यांवर गेला. पोरं मागून 'बेंऽऽ' करायला लागली. त्यानं तीन वेळा माइक बदलला. अक्का भाकरी बांधून घेऊन समोरच्या बायकांत बसली होती. "शेंगदान्याची चटनी हुती," ती मला म्हणाली. "लई ग्वाड लागली."

मी हसले होते. आता तिसरी गोष्ट सांगायची आहे, आणि त्यात मी नुसती ऐकणारी नाही, म्हणून ती मला नीट सांगता येईल का, माहीत नाही.

अण्णा गेल्यावर अक्का चार दिवस भाचीच्या लग्नाला माहेरी गेली होती. तेवढ्यात तिच्या दिरानं खोली रिकामी केली. भोंगे, तारा, मशिनी, सगळं भंगारवाल्याला. त्यात एक अँप्लिफायर होता, जो तिनं पत्र्यापासून स्वतः उभा केला होता. त्याचा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे व्हॉल्व्हचा आवाज स्पीकरपर्यंत नेणारा लोखंडाचा ठोकळा, तिनं हातानं गुंडाळला होता. अडीच हजारांवर वेढे, प्रत्येक थरात कागद, वरून वारनिश, शेवटी गोधडीच्या लाल दोऱ्याची गाठ. ती परत आली तेव्हा खोलीत फक्त खिळे होते. घरात होती म्हणून वाइंडिंगची हातमशीन आणि दुरुस्तीचं सामान तेवढं वाचलं. दिराच्या दारात ती त्यानंतर कधी गेली नाही, त्याच्या मयतालासुद्धा नाही.

मधे बरीच वर्षं गेली. मग भुकूमच्या वरच्या अंगाला बंगला असलेले समीर सर आले. आयटीतले, वय पन्नासच्या आसपास, बोलायला चांगले. त्यांना जुन्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरवर गाणी ऐकायचा नाद होता, आणि त्याबद्दलचे व्हिडिओ ते टाकायचे. पौडच्या भंगारात त्यांना एक मशीन मिळालं होतं. मालेत एक म्हातारी करते, असं भंगारवाल्यानंच सांगितलं.

"बाई, जपून हं. रेअर पीस आहे. हा असा आता कुठेच मिळत नाही."

अक्कानं मशिनीचा डबा उलटा केला. मी शेजारी होते. तिचं बोट एका जागी थांबलं. लाल दोऱ्याची गाठ होती.

"कुटं गावला म्हनालात?"

"पौडला. लकी मी!"

"व्हय. नशीबवान हायसा."

अकरा दिवस तिनं ते मशीन केलं. ओल धरलेले कागदी कंडेन्सर काढून प्लॅस्टिकचे बसवले, एकेकाचा डोळा मिटतो का बघून. सर न्यायला आले तेव्हा तिनं एकच गोष्ट मागितली.

"सायेब, कुनी इचारलं तर सांगा, मालेच्या हिराबाईनं केलंय."

"अहो, हे काय सांगायला हवं? नक्की!"

पंधरा दिवसांनी मी तिला त्यांचा व्हिडिओ दाखवला. मला वाटलं, तिला आनंद होईल. मी आधी बघून घ्यायला हवा होता. सर गाण्याच्या खोलीत बसून सांगत होते की त्यांनी चार महिने एकेक पार्ट स्वतः बदलला, सर्किट स्वतः ट्रेस केलं. शेवटी हसून म्हणाले, "आणि हो, इथल्या गावातल्या एका मावशींनी डबा छान पुसून दिला. सो स्वीट."

"परत लाव," अक्का म्हणाली.

तिनं तो भाग तीन वेळा ऐकला. पुढं आठवडाभर ती प्रत्येक कामाला तेच म्हणायची. भाकरी झाली का? झाली, पुसून दिली. शेण काढलं का? काढलं, पुसून दिलं. बायका हसायच्या, त्यांना कारण माहीत नव्हतं. एकदा मात्र ती नुसती माझ्याकडं बघून म्हणाली, "काय मागितलं हुतं गं त्याच्याकडं? एक नाव. त्ये बी माझंच."

गणपतीच्या आधी, पाऊस लागून राहिलेला असताना, सर पुन्हा आले. हातात अँप्लिफायर, खिशातून मखमली पिशवी काढली. तिच्यात चार जुने परदेशी कंडेन्सर होते, तेलात बुडवलेल्या कागदाचे, फार महागाचे.

"बाई, तुमचे ते प्लॅस्टिकचे काढा. आवाज फार कोरडा येतो. हे टाका, वॉर्मथ येईल. रविवारी पुण्याहून काही मोठी मंडळी ऐकायला येतायत."

"बसवते की."

ते गेल्यावर अक्कानं डबा उघडला आणि मला जवळ बोलावलं. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड काडी होती. फ्यूजच्या बारीक तारेनं आवाज आखडतो, असं या नादातले लोक मानतात. सरांनीही मानलं होतं. "शिपाई काडून टाकलाय सायबानं," ती म्हणाली. मग तिनं ते चार कंडेन्सर दिव्याला लावले. दोघांचे डोळे मिटले. दोघे मिचकावत राहिले.

पक्कड मांडीजवळ होती. मग तिनं ती उचलून बाजूला ठेवली आणि सोल्डर गन तापायला लावली.

"अक्का," मी म्हणाले, "चोर आहेत ते."

"त्याचंच हायेत. त्याच्या घरी जातील."

"ट्रान्सफॉर्मर तुझा आहे."

तिनं सोल्डरचे डाग इतके सुंदर दिले की तसे मी नंतर कधी पाहिले नाहीत. मी सरांना फोन करू शकले असते, नंबर माझ्याकडं होता. केला नाही. मला ते चूक वाटत होतं आणि मला ते व्हायलाही हवं होतं. दोन्ही खरं आहे.

रविवारी दुपारी आम्ही दोघी बंगल्यावर गेलो. "मी बी येते ऐकाय," असं तिनं आधीच सांगून ठेवलं होतं आणि सरांना नाही म्हणता आलं नाही. आम्हाला दाराजवळच्या दोन खुर्च्या दिल्या. आठ-नऊ माणसं सोफ्यांवर डोळे मिटून बसली होती. काचेबाहेर डोंगरावर धुकं होतं, आत भिंतीला ओल आली होती. गाणं सुरू झालं. आवाज खरंच गोड होता, मी खोटं सांगणार नाही.

सर म्हणाले, "ऐका, कपॅसिटर बदलल्यावर काय मखमल आलीय. मी स्वतः बसवलेत काल."

अक्कानं विचारलं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सायेब, ह्ये सगळं तुमीच केलंय?"

पाहुण्यांनी मागं वळून पाहिलं. तिनं सरांना खरं सांगायची वाट दिली होती. मी शेजारी बसून ती वाट बघितली. ते म्हणाले, "हो मावशी. एकट्यानं."

"बरं," अक्का म्हणाली आणि पदर सावरून मागं टेकून बसली.

अर्ध्या तासानं डावीकडच्या व्हॉल्व्हच्या पोटातला काळा पत्रा तांबूस झाला, मग लाल. गाणं घोगरं व्हायला लागलं. सोफ्यावरचे एक गृहस्थ पुढं वाकले. मला वाटलं, त्यांना कळलं.

"वा! काय ग्लो आहे! समीर, पडदे ओढ रे, शूट करू दे मला."

पडदे ओढले. अंधारात तो लाल व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखा दिसत होता आणि तीन-चार मोबाइल त्याच्यासमोर धरलेले होते. व्हॉल्व्ह मरत होता आणि माणसं त्याची तारीफ करत होती. अक्काचा चेहरा मला त्या उजेडात दिसला. ती हसत नव्हती. नाक वर करून वास घेत होती.

मग धूर आला. खुर्च्या सरकल्या. सरांनी आवाजाचं बटण खाली फिरवलं, पुन्हा वर, पुन्हा खाली.

"मावशी, अहो, बघा ना काय झालं!"

"मी काय बघू? मी डबा पुसनारी. तुमी केलंय, तुमी इझवा."

कुणीतरी फिस्सकन हसलं. सर तसेच उभे होते, हात मशिनीवर धरावा की नाही, हे न कळून. भिंतीतलं बटण मी बंद केलं. तेवढं तरी लवकर करायला हवं होतं.

येताना जीपमध्ये, माले जवळ आल्यावर, अक्कानं पदर नाकाला लावला. "माझं वारनिश जळलं," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. लगेच तिनं मला कोपरानं ढोसलं. "पर तोंड बगितलंस का त्याचं?"

दिवाळीनंतर सर आले, या वेळी गाडी रस्त्यावर ठेवून चालत. हातात जळका ट्रान्सफॉर्मर. पुण्यात, मुंबईत दाखवून आले होते. नवीन बसवता येईल, पण हा आवाज येणार नाही, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. तसा गुंडाळणारं कुणी नव्हतं.

"अक्का," ते म्हणाले. आजवर बाई नाहीतर मावशी होती. "माझं चुकलं. मी व्हिडिओ टाकतो, तुमचं नाव सांगतो, सगळं सांगतो."

अक्कानं ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन हुंगला, करपलेली गाठ अंगठ्यानं चाचपली. "बसा," ती म्हणाली. "गुंडाळते. पर वेढे मोजाय मानूस पायजे. मशिनीचा आकडा बिगडलाय. तुमी मोजा. मोठ्यांदा. चुकलं तर पयल्यापास्नं."

तिची वाइंडिंगची हातमशीन ओसरीवर होती. वेढे मोजणाऱ्या आकड्यावर फडकं बांधलेलं होतं. सर पोत्यावर मांडी घालून बसले आणि एकपासून मोजायला लागले. दोनशेवर त्यांचा फोन वाजला. त्यांनी नुसता खिशात हात घातला, तेवढ्यात आकडा निसटला. अक्कानं तार उलटी सोडवली. पुन्हा एक. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची. दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज बसला होता. मधेच त्यांनी विचारलं, "अक्का, नावाचं काय करू? आज रात्री टाकू व्हिडिओ?"

"नाव नगं आता तुमच्या तोंडात. आकडा ठिवा."

ते वाइंडिंग पुढं पुरं झालं की नाही, मला कळलं नाही. माझी परीक्षा होती, मी मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेले. थंडीत अक्का गेली तेव्हा मी नव्हते. सरांना विचारायची माझी हिंमत झाली नाही आणि त्यांनी व्हिडिओही टाकला नाही. म्हणून मी इथं लिहिते: ते मशीन हिराबाईनं केलं होतं, पत्र्यापासून, आणि मग पुन्हा.

तिला शेवटचं पाहिलं ते त्याच दुसऱ्या दिवशी. मी पिशवी घेऊन निघाले होते, निरोप घ्यायला तिच्या पाठीमागून ओसरीवर चढले. सर चौदाशेच्या पुढं गेले होते, डोळे तारेवरून हलवत नव्हते. तेवढ्यात अक्कानं हात थांबवला.

"किती?"

"चौदाशे बारा."

"बारा का तेरा?"

सर गोंधळले. बोटांकडं बघितलं, तारेकडं बघितलं. ओठ हलत होते. "बारा," ते हळूच म्हणाले. "बाराच. मला वाटतं."

तिच्या बाजूनं फडकं थोडं वर सरकलं होतं. मला आकडा दिसला. चौदाशे बारा. अक्कानंही तो पाहिला, मग मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"वाटतं म्हनून न्हाई चालत, सायेब," ती म्हणाली आणि मशिनीचा दांडा उलटा फिरवायला लागली.